मालीच्या आवा केइता: सुईणीची सरकारी नोकरी आणि पक्षाचे काम एकत्र कसे चालले?

गोदाकाठ

नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळात या वर्षी ‘वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्यांतील स्त्रिया’ हा विषय घेतला असून दर बैठकीला एका स्त्रीवर टिपण वाचले जाते. पश्चिम आफ्रिका माझ्या वाट्याला आल्यावर मी मालीच्या आवा केइता यांचे नाव सुचवले आणि ते मान्यही झाले. प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर मात्र दोन-तीन ठिकाणी गाडी अडते आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारते.

चरित्राचा सांगाडा हाताशी आहे. १२ जुलै १९१२ रोजी बामाको येथे जन्म. तो प्रदेश तेव्हा फ्रेंच सुदान म्हणून ओळखला जात असे. १९२३ मध्ये बामाकोत मुलींची पहिली शाळा निघाली तेव्हा आईचा विरोध असतानाही वडिलांनी त्यांचे नाव तेथे घातले. पुढे डाकारच्या वैद्यकीय शाळेत सुईणीचे शिक्षण पूर्ण करून १९३१ मध्ये त्या सरकारी सेवेत लागल्या आणि गाओ येथे रुजू झाल्या. १९४६ मध्ये त्या आरडीए (फ्रेंच आफ्रिकेतील वसाहतींत पसरलेला आफ्रिकी लोकशाही पक्ष) या पक्षाच्या सुदानी शाखेत गेल्या, १९५८ मध्ये पक्षाच्या राजकीय मंडळावर त्यांची नेमणूक झाली, १९५९ मध्ये सिकासो मतदारसंघातून त्या विधानसभेवर निवडून आल्या, १९७५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले आणि ७ मे १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

माझी पहिली अडचण अशी की, ज्या सरकारचा पगार त्या घेत होत्या त्याच सरकारविरुद्ध त्या उघडपणे पक्षाचे काम करत होत्या, आणि हे दहा-बारा वर्षे चालले. सरकारने त्यांना कामावरून काढून कसे टाकले नाही? दुसरी अडचण १९६२ च्या विवाहविषयक कायद्याची. बहुतेक ठिकाणी त्याचे श्रेय सरळ त्यांच्या नावावर टाकलेले दिसते, पण एकट्या स्त्री सदस्याने एवढा मोठा कायदा करून घेतला हे मला जरा सोपे करून सांगितल्यासारखे वाटते. तिसरी गोष्ट अशी की, स्वातंत्र्यानंतर त्यांना मंत्रिपद का मिळाले नसावे? समाजकल्याण किंवा आरोग्य ही खाती तर त्यांच्याच कामाची होती.

डाकघर

गोदाकाठताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा नोकरीच्या नियमांत शोधावे, असे मला वाटते.

फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत आठ प्रांत होते आणि डाकारहून चालणारा एकच संयुक्त कारभार होता. डाकारची वैद्यकीय शाळा १९१८ मध्ये निघाली. तेथे आफ्रिकी डॉक्टर, औषधनिर्माते आणि सुईणी तयार होत, पण त्यांचा दर्जा फ्रेंच डॉक्टरांच्या हाताखालच्या साहाय्यकांचा असे. या शाळेतून बाहेर पडणाऱ्यांना कोणत्याही प्रांतात पाठवता येत असे. शिकलेल्या आफ्रिकी माणसांचा वर्ग मुळातच लहान होता आणि तो जवळजवळ सगळा सरकारी पगारावर होता: शिक्षक, कारकून, डॉक्टर, टपाल खात्यातील माणसे, सुईणी. मामादू कोनाते आणि मोदिबो केइता हे सुदानमधील पक्षाचे दोन्ही मोठे नेते पेशाने शिक्षक होते (केइता हे आडनाव तेथे फार प्रचलित आहे, त्यावरून नाते जोडू नये). ऑक्टोबर १९४६ मध्ये बामाकोला आरडीएची स्थापना झाली तेव्हा पक्ष काढणे आणि कामगार संघटना बांधणे कायदेशीर झाले होते. राजकारण करणाऱ्या प्रत्येक नोकरदाराला घरी बसवायचे ठरवले असते, तर सरकारलाच आपल्या शाळा आणि दवाखाने बंद करावे लागले असते.

बडतर्फी महाग पडत होती म्हणून सरकारने बदलीचा बडगा उगारला, आणि आवाबाईंची १९५० नंतरची कारकीर्द म्हणजे या बडग्याची नोंदवहीच आहे. १९५०-५१ मध्ये त्या पुन्हा गाओत होत्या. १९५१ च्या निवडणुकीत त्यांनी तेथे पक्षाचे काम जोरात केले, स्थानिक फ्रेंच अधिकाऱ्याशी त्यांचे खटके उडाले, आणि त्याच वर्षी त्यांनी मिळालेले फ्रेंच नागरिकत्वही सोडून दिले. त्यानंतर त्यांची रवानगी झाली ती थेट सेनेगलच्या दक्षिणेकडील कासामान्स भागात, बिग्नोना येथे. गाओ नायजर नदीच्या काठी, वाळवंटाच्या तोंडाशी. बिग्नोना दुसऱ्या टोकाला, अटलांटिकच्या बाजूला, जेथली भाषा वेगळी आणि जेथे त्यांचा पक्षही जवळचा नव्हता. १९५३ मध्ये त्यांना सुदानमध्ये परत आणले, पण तेही मॉरितानियाच्या सीमेलगतच्या नारा या गावी. आपल्याकडेही एखाद्या ‘त्रासदायक’ कर्मचाऱ्याला आडवळणाच्या तालुक्यात टाकण्याची रीत काही अपरिचित नाही, त्यामुळे यातला हेतू उलगडून सांगायला नको.

सरकारचा हिशेब चुकला तो असा की, ज्या ठिकाणी बाळंतिणी नाहीत असे ठिकाण नकाशावर सापडत नाही. शिक्षकाची बदली झाली तर त्याला नव्या गावात पालकांशी ओळख करून घ्यायला वर्ष जाते. सुईणीला पहिल्याच आठवड्यात रात्री-अपरात्री बोलावणे येते आणि ती घराच्या आतल्या खोलीत पोचते. गाओतील पहिल्या बारा वर्षांत आवाबाईंनी हे आधीच शिकून घेतले होते. १९३१ मध्ये त्या तेथे गेल्या तेव्हा प्रसूतीसाठी सरकारी दवाखान्यात जायची बायकांना सवय नव्हती. बाळंतपण घरीच, वयस्क बायकांच्या हातून होई. त्यांनी दवाखान्यात बसून वाट पाहण्याऐवजी घरोघरी जाऊन ओळखी वाढवल्या आणि त्यातून हळूहळू विश्वास मिळवला. पुढे पक्षाच्या सभांना बायका आल्या त्या याच ओळखींमुळे. म्हणूनच ‘नोकरी आणि पक्ष एकत्र कसे चालले’ या तुमच्या प्रश्नात मी थोडा बदल सुचवीन: नोकरी नसती तर त्यांना पक्षात ते स्थान मिळालेच नसते, कारण शहराबाहेरच्या बायकांपर्यंत पोचणारी दुसरी कोणतीही वाट पक्षाजवळ नव्हती.

एक सूचना. त्यांचे पती दाऊदा दियावारा हे स्वतः डॉक्टर होते आणि आरडीएच्या कामात दोघे बरोबरीने उतरले होते. आवाबाईंना मूल होऊ शकत नव्हते आणि सासूच्या आग्रहामुळे १९४९ मध्ये हा संसार मोडला. टिपणात हे जरूर यावे, पण ‘शेकडो बाळंतपणे करणारी, स्वतः मात्र निपुत्रिक’ अशा हळव्या वाक्याचा मोह टाळावा. दुसऱ्या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. शिकलेल्या, एकाच पक्षात काम करणाऱ्या नवरा-बायकोचा संसारही कुटुंबाच्या रूढीपुढे टिकला नाही, आणि पुढे विवाहकायद्याची चर्चा झाली तेव्हा सभागृहातील या एकमेव स्त्रीला तो विषय पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

पानगळ

डाकघर यांनी बदल्यांचे नेमके सांगितले आहे. मी मतदानाच्या बाजूने थोडी भर घालते, कारण ती समजल्याशिवाय १९५९ च्या निवडणुकीचे महत्त्व कळत नाही.

फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत प्रौढ मतदान एकदम आले नाही, ते हप्त्याहप्त्याने आले. १९४६ नंतर मताधिकार हळूहळू वाढवला गेला, पण तो ठरावीक गटांपुरता: पगारदार, माजी सैनिक, कर भरणारे कुटुंबप्रमुख वगैरे. २३ मे १९५१ च्या कायद्याने त्यात एक विलक्षण गट घातला, तो म्हणजे दोन मुलांच्या आयांचा. ही मुले हयात असावीत किंवा फ्रान्ससाठी लढताना मृत्यू पावलेली असावीत, अशी अट होती. बाईने मत द्यायचे ते माणूस म्हणून नव्हे, तर आई म्हणून, असा त्याचा सरळ अर्थ होतो. ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच वर्षी गाओत एक सुईण पक्षाच्या वतीने बायकांना संघटित करत होती, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. कोणाची किती मुले आहेत हे गावात सुईणीइतके नेमके कोणाला ठाऊक असणार? हा माझा तर्क आहे, टिपणात तो तर्क म्हणूनच घ्यावा. पण अधिकाऱ्यांना ही बाई नकोशी का झाली असावी, याचे एक उत्तर त्यात असू शकते.

सर्वांना समान मताधिकार मिळाला तो जून १९५६ च्या कायद्याने. मार्च १९५७ च्या प्रांतिक निवडणुकीत आरडीएच्या सुदानी शाखेने सत्ता मिळवली आणि फ्रेंच प्रशासन व परंपरागत मुखिया यांच्या पाठिंब्यावर चालणारा फिली दाबो सिसोको यांचा पक्ष मागे पडला. याच सुमारास आवाबाईंनी शिक्षिका आयसाता सो यांच्यासह बामाकोतील नोकरदार स्त्रियांची संघटना उभी केली. येथे पाहण्यासारखे हे की पक्षाची ‘महिला आघाडी’ काढून त्या थांबल्या नाहीत. पगार, रजा, कामाचे तास हे प्रश्न घेऊन त्या कामगार संघटनेच्या मार्गाने गेल्या आणि १९५७ मध्ये लाइपझिग येथील जागतिक कामगार परिषदेतही त्यांनी प्रतिनिधित्व केले.

आता १९५९ ची निवडणूक. मार्चमध्ये मतदान होते आणि सिकासो भागातून त्या उमेदवार होत्या. मतदान कसे चालले आहे हे पाहण्यासाठी त्या सिंग्ने नावाच्या गावात गेल्या, तेव्हा तेथल्या मुखियाने त्यांना गावातून चालते व्हायला सांगितले. हा मुखिया फ्रेंच सैन्यात नोकरी केलेला होता. त्याचा राग पक्षावर कमी आणि या बाईवर अधिक होता: पुरुषाची जागा घ्यायला निघालेली ही धीट, निर्लज्ज बाई आपल्या गावात नको, आणि ज्या पक्षाने बाईला पुढे केले त्या पक्षाच्या पुरुषांनाही लाज वाटली पाहिजे, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे आणि त्यात स्वतःचे शौर्य मिरवलेले नाही. मुखियाचे शब्द त्या वाचकापुढे जसेच्या तसे मांडतात. तुमच्या टिपणात एकच प्रसंग तपशिलाने द्यायचा असेल तर हा द्यावा. पक्षाच्या धोरणात स्त्रीला स्थान आहे हे डाकारमध्ये किंवा बामाकोत ठरत होते, पण ते स्थान खरोखर आहे की नाही हे अशा एखाद्या गावाच्या वेशीवर ठरत होते, आणि ती वेस ओलांडायला पक्षाने पाठवले ते याच बाईला.

तर्कतीर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. गोदाकाठ यांची शंका रास्त आहे.

३ फेब्रुवारी १९६२ च्या विवाह आणि पालकत्व कायद्याला आवा केइतांचा कायदा म्हणणे ही कौतुकाच्या भरात केलेली अतिशयोक्ती आहे. तो सरकारी पक्षाचा कायदा होता. स्वतंत्र मालीचे पहिले राष्ट्राध्यक्ष मोदिबो केइता यांच्या समाजवादी राजवटीला वडीलधारे, कुळे आणि मुखिया यांच्या हातातली सत्ता काढून ती राज्याकडे आणायची होती. लग्न हे त्या सत्तेचे मुख्य ठिकाण होते, कारण वधूमूल्य कोण देतो आणि कोण घेतो यावर घराण्यांचे संबंध ठरत. आवाबाई त्या सभागृहातील एकमेव स्त्री होत्या, पक्षाच्या सर्वोच्च मंडळावर होत्या आणि या कायद्यासाठी त्यांनी मनापासून काम केले, एवढे निश्चित म्हणता येते. श्रेय द्यावे ते एवढेच, आणि तेही काही थोडे नाही.

कायद्यात नेमके काय होते ते पाहिले की दोन्ही बाजू दिसतात. वधू आणि वर दोघांचीही संमती आवश्यक ठरली आणि विवाह सरकारी नोंदणी अधिकाऱ्यापुढे करणे बंधनकारक झाले. वधूमूल्यावर मर्यादा आली: प्रथम विवाह करणाऱ्या मुलीसाठी २०,००० फ्रँक आणि आधी विवाह झालेल्या स्त्रीसाठी १०,००० फ्रँक. नवऱ्याने तोंडी सोडून देण्याची प्रथा बंद होऊन घटस्फोट न्यायालयातच घ्यावा लागेल असे ठरले. सासूच्या आग्रहावरून संसार मोडलेल्या स्त्रीला या शेवटच्या कलमाचे मोल किती वाटले असेल, याची कल्पना करता येते.

पण याच कायद्यात मुलीचे लग्नाचे किमान वय १५ आणि मुलाचे १८ ठेवले होते. बहुपत्नीत्व रद्द झाले नाही. लग्नाच्या वेळी एकपत्नीत्वाचा किंवा बहुपत्नीत्वाचा पर्याय नोंदवायचा, एवढीच सोय झाली. नवऱ्याने बायकोचे रक्षण करावे आणि बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे हे वाक्य कलमात शिल्लक राहिले, आणि नवऱ्याच्या परवानगीशिवाय बायकोला व्यापार करता येणार नाही अशीही तरतूद होती. बामाकोच्या बाजारात बसणाऱ्या बायकांच्या देशात हे शेवटचे कलम कोणाला सुचले असेल देव जाणे. फ्रेंच दिवाणी संहितेची ती उचल आहे हे उघड दिसते. म्हणजे परंपरेची एक बेडी काढताना पॅरिसहून आणलेली दुसरी बेडी घातली गेली. आपल्या टिपणात या कायद्याला ‘क्रांतिकारक’ म्हणावे की नाही ते तुम्ही ठरवा. मी ‘संमती, नोंदणी आणि घटस्फोट या तीन बाबतींत पुढे, घरातल्या अधिकाराच्या बाबतीत मागे’ असे लिहिले असते.

गोदाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. सिंग्नेचा प्रसंग आणि १९५१ चा ‘दोन मुलांची आई’ कायदा या दोन्ही गोष्टी माझ्या वाचनातून निसटल्या होत्या.

मंत्रिपदाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. मी तो का विचारला ते स्पष्ट करते. घानाच्या सुसाना अल-हसन यांचे नाव वाचताना असे दिसले की त्या शिक्षिका होत्या आणि १९६३ मध्ये समाजकल्याण खात्याच्या मंत्री झाल्या. जवळच्याच एका देशात, त्याच काळात, सेवाक्षेत्रातून आलेल्या स्त्रीला मंत्रिपद मिळते. मग मालीत इतक्या वर्षांच्या कामानंतर का नाही? पक्षात त्यांचे वजन कमी होते का?

शोधयात्री

ही तुलना चांगली आहे, परंतु तिचा निष्कर्ष तुम्ही मांडला त्याच्या उलट निघतो, असे मला वाटते.

सुसाना अल-हसन उत्तर घानातील तमालेच्या. अचिमोता येथे शिक्षण झाले आणि १९५५ ते १९६० या काळात त्या बोल्गातांगा येथील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. उत्तर घाना हा त्या देशाचा शिक्षणात फार मागे ठेवलेला भाग. ब्रिटिशांनी तेथे शाळा कमी काढल्या आणि मिशनऱ्यांनाही मोकळीक दिली नाही, त्यामुळे त्या भागातील शिकलेली मुस्लिम स्त्री हीच मुळात दुर्मीळ गोष्ट होती. १९६० मध्ये घानाचे नेते एन्क्रुमा यांच्या सरकारने खास कायदा करून संसदेत स्त्रियांसाठी दहा जागा निर्माण केल्या आणि त्यांतून त्या संसदेत आल्या. १९६१ मध्ये शिक्षण खात्याच्या उपमंत्री आणि १९६३ मध्ये मंत्री झाल्या. घानाच्या मंत्रिमंडळातील त्या पहिल्या स्त्री. पुढे त्यांच्याकडे समाजकल्याण आणि सामुदायिक विकास हे खाते आले. हे खाते नावापुरते नव्हते: प्रौढ साक्षरता, बालसंगोपनाचे वर्ग, विहिरी आणि रस्ते यांसाठी गावकऱ्यांचे श्रमदान अशी कामे १९५० च्या दशकापासून त्या यंत्रणेमार्फत होत होती. शिवाय त्यांनी मुलांसाठी पुस्तकेही लिहिली.

परंतु त्यांची जागा कशी आली ते पाहा. त्या दहा जागांसाठी मतदारांपुढे जावे लागले नव्हते; ज्या पक्षाचे बहुमत त्याच पक्षाने नावे ठरवली. म्हणजे अल-हसन यांच्या वाट्याला मंत्रिपद आले, पण सिंग्नेसारख्या गावाच्या वेशीवर मुखियासमोर उभे राहून मत मागण्याची वेळ त्या मार्गात आली नाही. आवा केइतांच्या वाट्याला मंत्रिपद आले नाही, पण त्या मतपेटीतून आल्या आणि ज्या मंडळात सरकारची धोरणे ठरत त्या मंडळात एकमेव स्त्री म्हणून बसल्या. १९६० च्या मालीत पक्षाचे राजकीय मंडळ मंत्रिमंडळाच्या वरचढ होते. तेव्हा त्यांचे वजन कमी होते असे मी तरी म्हणणार नाही. खुर्ची वेगळी होती.

याच काळातले आणखी एक नाव तुमच्या टिपणात बसेल. गिनीच्या जान मार्तें सिसे याही शिक्षिका. जुलै १९६२ मध्ये दार-एस-सलाम येथे आफ्रिकी स्त्रियांची परिषद भरून अखिल आफ्रिकी महिला संघटना उभी राहिली, तिच्या घडणीत आवाबाईंचा भाग होता आणि सिसे तिच्या पहिल्या सरचिटणीस झाल्या. ३१ जुलै हा आफ्रिकी महिला दिन तेथूनच आला. १९७२ मध्ये सिसे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे अध्यक्षस्थान भूषवले, आणि तसे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. आणि एवढे सगळे केल्यावर १९७६ मध्ये मायदेशी त्यांना जे खाते मिळाले ते कोणते? समाजकल्याण. सेनेगलमध्ये कारोलिन फे दियोप १९६३ मध्ये संसदेत आल्या आणि १९७८ मध्ये मंत्री झाल्या. खाते पुन्हा समाजकार्याचेच. घाना, गिनी, सेनेगल. इंग्रजी वारशाचा देश असो की फ्रेंच, समाजवादी सरकार असो की नसो, स्त्रीसाठी राखून ठेवलेली खोली एकच. अर्थ, संरक्षण, गृह यांच्या आसपास कोणी फिरकू दिले नाही.

अर्थात या स्त्रियांनी त्या खोलीत बसून केलेले काम कमी लेखण्याचे कारण नाही. वाळवंटाकडच्या जिल्ह्यात प्रशिक्षित सुईण असणे आणि नसणे यात एखादीच्या जिवाचा फरक असतो. पण समाजकल्याण हे बायकांचे काम, त्याला निधी कमी, आणि म्हणून त्यातून आलेली बाई राजकारणात ‘दुय्यम’, अशी जी साखळी तयार होते, ती आवाबाईंच्या बाबतीत तितकीशी लागू पडत नाही, कारण त्या सेवेतून थेट पक्षबांधणीत गेल्या, खात्यात गेल्याच नाहीत.

डाकघर

शोधयात्री यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, तरी राजकीय मंडळ वरचढ होते याचा धोका त्यांनी सांगितला नाही. जी संस्था कायद्याने बांधलेली नसते ती एका आदेशाने जाते. २२ ऑगस्ट १९६७ रोजी मोदिबो केइता यांनी ते मंडळ बरखास्त केले आणि सगळी सूत्रे ‘क्रांती संरक्षण समिती’कडे दिली, जानेवारी १९६८ मध्ये राष्ट्रीय सभाही विसर्जित झाली. १९ नोव्हेंबर १९६८ रोजी मूसा त्राओरे यांच्या नेतृत्वाखालील लष्कराने सत्ता घेतली त्याआधीच, आवाबाई ज्या दोन संस्थांच्या बळावर उभ्या होत्या त्या दोन्ही त्यांच्याच पक्षाने मोडून टाकल्या होत्या. ‘लष्करी उठावाने त्यांची कारकीर्द संपवली’ हे वाक्य सर्वत्र आढळते. टिपणात ते तसेच उचलू नये.

पानगळ

त्यांच्या आत्मचरित्राविषयी थोडे. १९७० च्या सुमारास त्या दुसऱ्या पतीबरोबर ब्राझाव्हिलला होत्या आणि १९७९ मध्ये मालीत परतल्या. पुस्तक १९७५ चे, म्हणजे ते मायदेशापासून दूर असताना आणि त्यांचे जुने सहकारी तुरुंगात असताना बाहेर आले. मोदिबो केइता १९७७ मध्ये कैदेतच वारले. १९७६ मध्ये या पुस्तकाला ‘कृष्ण आफ्रिकेचा महान साहित्य पुरस्कार’ मिळाला. हे सांगण्याचे कारण असे की, फ्रेंच अधिकाऱ्यांशी झालेले वाद, बदल्या, बाळंतपणे आणि निवडणुका यांविषयी त्या विस्ताराने लिहितात, पण कथन स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडतात; सत्तेतील आठ वर्षांबद्दल आणि पक्षातील फुटीबद्दल त्यांच्याकडून फारसे काही मिळत नाही. त्यामुळे १९६० पूर्वीचा भाग त्यांच्या शब्दांवर उभा करता येईल, नंतरचा भाग मात्र कायदे, तारखा आणि इतरांच्या नोंदी यांवरून जुळवावा लागेल. टिपणात या दोन भागांचा सूर वेगळा लागला तर घाबरू नये. तो साधनांचा फरक आहे.

गोदाकाठ

हे फार उपयोगाचे झाले. आता टिपणाची मांडणी बदलते: सुरुवात जन्मापासून न करता १९५१ च्या गाओपासून करीन, बदल्यांचा भाग सविस्तर ठेवीन आणि मंत्रिपदाचा प्रश्न ‘का नाही मिळाले’ ऐवजी ‘कोणत्या खोलीत बसवले जात होते’ असा विचारीन. शेवटचे एकच विचारते. १९६२ च्या कायद्याचे पुढे काय झाले? तो अजून चालू आहे का?

तर्कतीर

नाही. मधल्या काळात दुरुस्त्यांचे प्रयत्न झाले आणि ऑगस्ट २००९ मध्ये संसदेने नवी कौटुंबिक संहिता मंजूर केली. त्यात बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे हे कलम काढले होते, मुलींसाठी लग्नाचे वय वाढवले होते आणि वारसाहक्कात स्त्रियांना अधिक वाटा दिला होता. त्याविरुद्ध इस्लामी उच्च परिषदेच्या पुढाकाराने बामाकोत प्रचंड निदर्शने झाली, राष्ट्राध्यक्ष आमादू तुमानी तुरे यांनी संहितेवर सही न करता ती फेरविचारासाठी परत पाठवली, आणि २०११ मध्ये जी संहिता अमलात आली तिच्यात आज्ञापालनाचे कलम परत आले, मुलींचे वय १६ ठरले, काही परिस्थितींत सवलत देऊन त्याहूनही कमी वयात लग्नाची मुभा राहिली, आणि धार्मिक विवाहाला कायदेशीर मान्यता मिळाली. गंमत अशी की त्याच २०११ मध्ये मालीला सिसे मरियम कैदामा सिदिबे यांच्या रूपाने पहिल्या स्त्री पंतप्रधान मिळाल्या होत्या. मार्च २०१२ च्या लष्करी उठावात त्यांचे सरकार गेले.

मालीतील एका स्त्रीहक्क संघटनेने आणखी एका संस्थेसह हे प्रकरण आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयात नेले. ११ मे २०१८ रोजी न्यायालयाने निकाल दिला की लग्नाचे किमान वय, विवाहातील संमती आणि वारसाहक्क या बाबतींत २०११ च्या संहितेने मालीने स्वतः मान्य केलेल्या मापुतो करारनाम्याचा (आफ्रिकेतील स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या कराराचा) भंग होतो, आणि कायदा बदलण्याचा आदेश दिला.

टिपणात १९६२ आणि २०११ शेजारी शेजारी ठेवणार असाल तर एवढी काळजी घ्या: ‘आवाबाईंच्या काळी होते ते पुढे गेले’ असे वयाच्या बाबतीत म्हणता येणार नाही, कारण तेव्हाचे वय १५ च होते, आणि आज्ञापालनाचे कलमही तेव्हापासूनचेच आहे. खरी तुलना नोंदणीची आहे. १९६२ मध्ये लग्न लावण्याचा अधिकार फक्त सरकारी अधिकाऱ्याकडे होता आणि वधूची संमती त्याच्यासमोर द्यावी लागत होती. २०११ नंतर धर्मगुरूने लावलेले लग्नही चालते, आणि त्याने संमती तपासली नाही तर त्याला दंड काय, हे संहितेत लिहिलेले नाही. न्यायालयाने बोट ठेवले ते नेमके याच जागेवर.